अळणी वाटी

मुलुंड पूर्वेच्या बाजारात पावट्याच्या शेंगा दिसायला लागल्या, की थंडी आली असं समजायचं. एरवी मुंबईची थंडी ती काय! पंखा पाचावरून तीनवर आणला की झाला हिवाळा. पण आम्हा मुलुंडकरांना आमच्या थंडीचा भारी अभिमान. मागे डोंगर आहेत ना, म्हणून आमच्याकडे दादरपेक्षा गारवा जास्त, असं आम्ही इथे राहायला आल्यापासून एकमेकांना सांगत आलोय. ते खरं ठरावं म्हणून सकाळी फिरायला जाताना घाम आला तरी कानटोपी काढत नाही.

परवा पिशवी घेऊन बाजारात गेलो, तर सगळा मोसम पाट्यांमधून मांडून ठेवलेला. पावटा, ओल्या तुरीच्या शेंगा, हरभऱ्याच्या जुड्या, गाजरं, बोरं, एका कोपऱ्यात पांढरे तीळ. भोगी तोंडावर आलेली. नेहमीची भाजीवाली म्हणाली, "काका, मॅडम नाय आल्या?"

"घरी आहेत."

"मग सोललेलेच न्या दाने. तुमी काय सोलनार!"

तिने मला न विचारता पिशवी भरली. अलकाने सोललेले दाणे जन्मात घेतले नसते. ती शेंग हातात घेऊन मोडायची, नाकाशी धरायची, एक दाणा तोंडात टाकायची, आणि एवढं सगळं झाल्यावर "उद्या बघू" म्हणून पुढे चालू लागायची. भाजीवाली तिच्या नावाने बोटं मोडायची आणि दुसऱ्या दिवशी तिचीच वाट बघायची. मी सोललेले दाणे मुकाट्याने घेतले आणि घरी आलो.

अलका म्हणजे माझी बायको. आहारशास्त्रज्ञ. एका संस्थेत तिने उभी हयात घालवली, आणि तिथे बसून तीनच प्रकारच्या माणसांच्या ताटात डोकावत राहिली. बाळंतीण, बाळ आणि म्हातारं माणूस. पोटुशी असल्यापासून मूल अंगावर पीत असेपर्यंत बाईने काय खावं, बाळाच्या पहिल्या घासात काय असावं, आणि दात पडल्यावर माणसाने कसं जेवावं, हा तिचा अभ्यास. लग्न नवं नवं असताना मी तिला विचारलं होतं, "आणि आमच्यासारख्या मधल्यांचं काय गं?"

"मधल्यांना ओरडून मागता येतं रे," ती म्हणाली. "या तिघांना मागता येत नाही. बाळाला बोलता येत नाही, म्हातारी माणसं संकोचाने बोलत नाहीत, आणि बाळंतिणीला आपल्याला भूक लागलीय हे दुपार टळल्यावर आठवतं."

मी तेव्हा हसलो होतो. आता ते वाक्य आठवलं की हसू येत नाही, कारण आता मागता येत नाही ते अलकालाच.

उन्हाळ्यात तिच्या पोटात गाठ निघाली. मग केमोचे ते लांबलचक महिने. दिवाळीनंतर ते संपलं, आणि डॉक्टर म्हणाले, संक्रांत होऊ दे, मग ऑपरेशन करू. पण मॅडम, वजन थोडं तरी वर यायला हवं. या वजनावर मी सुरी लावणार नाही. अलकाने मान डोलावली. अशी मान तिच्यासमोर हजारो बायकांनी डोलावली असेल. घरी येताना रिक्षात म्हणाली, "बरोबर बोलतोय तो. मीही हेच सांगितलं असतं." आणि घरी आल्यावर तिच्या पुढ्यात ठेवलेल्या वरणभाताचे दोन घास खाऊन ताट बाजूला सारलं.

तिला कशाचीच चव लागत नव्हती. सुरुवातीला सांगायची, सगळं लोखंडासारखं लागतं रे, किल्ली चोखल्यासारखं. मग सांगायचंही बंद केलं.

तर ते दाणे ताटात पसरून मी बसलो आणि मन एकदम मागे गेलं, अशाच एका थंडीत. आमची नात ओवी आता सातवीत आहे. ती सहा महिन्यांची होती, तेव्हाची ती थंडी.

त्या थंडीत आमच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीच्या गजाला ओल्या फडक्यात बांधलेली नाचणी लटकत असायची, मोड यायला. ओट्यावर भाजलेले मूग गार होत पडलेले. शेगडीवर तीळ तडतडतायत, मिक्सर फिरतोय, आणि अलका केस वर बांधून, नाकावर चष्मा, तराजूत पीठ मोजतेय. एकाच पिठाची तीन रूपं करायची असं तिच्या डोक्यात बसलं होतं. नाचणीला मोड आणले, वाळवून दळली, की तिची पेज पातळ होते. म्हणजे तेवढ्याच वाटीत पीठ जास्त मावतं, आणि चमचाभर खाणाऱ्याच्याही पोटात काहीतरी जातं. त्यात गूळ, खोबरं आणि अळीव घातले की बाळंतिणीचा लाडू. नुसतं शिजवलं की बाळाची पेज. मीठ आणि तूप घातलं की म्हाताऱ्या माणसाची. हे सगळं ती मला इतक्या वेळा सांगायची, की झोपेत विचारलं असतं तरी मी पाठ म्हणून दाखवलं असतं.

आणि गंमत बघा, तिची तिन्ही गिऱ्हाइकं तेव्हा घरातच होती. आमची मुलगी ऋता दोन गल्ल्या सोडून राहते. तिची बाळंतपणाची रजा संपली होती. सकाळी धावतपळत यायची, ओवीला माझ्या मांडीवर टाकायची, अळिवाचा लाडू उभ्या उभ्या तोंडात कोंबायची आणि अंधेरीच्या ऑफिसला पळायची. "अगं, बसून खा!" अलका मागून ओरडायची. "आई, बसले तर झोपेन!" असं जिन्यातून उत्तर यायचं. दुसरी ओवी. तिचं उष्टावण नुकतंच झालेलं. तिला मामा नाही, म्हणून चांदीच्या वाटीतली खीर भरवायचा मान मला मिळाला, आणि ती सगळी खीर तिने माझ्या नव्या सदऱ्यावर परत केली. तेव्हापासून रोज तेच. चमचा आत, पेज बाहेर.

तिसरी माझी आई. ऐंशी ओलांडलेली, मालवणची. त्या पावसाळ्यात तिला ताप आला, ताप गेला, पण त्याच्याबरोबर तिची भूकही गेली ती परतलीच नाही. कवळी लावायला तयार नाही, टोचते म्हणायची. एरवी माशाच्या आमटीत नखाएवढी तिरफळं कमी पडली तर घर डोक्यावर घेणारी बाई, आता समोर काय ठेवलंय हेही बघायची नाही. "माका भूक नाय," एवढंच. नाहीतर "बरा हा गो," म्हणून तीन चमचे खाणार आणि भिंतीकडे तोंड करून पडणार. हात बघता बघता काटक्यांसारखे झाले. तिचा मनगटावरचा पाटल्यांचा जोड कोपरापर्यंत घसरायला लागला, तेव्हा मी तो काढून ठेवला. माझी आई माझ्या डोळ्यांसमोर संपत चालली होती, आणि घरात या विषयातली शास्त्रज्ञ होती.

अलकाला हे किती लागत होतं, ते मला गोवंडीच्या वस्तीत, तिच्या संस्थेच्या केंद्रावर गेलो तेव्हा कळलं. मी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होतो. निवृत्त झाल्यावर अलका मला तिच्याबरोबर न्यायची, कारण तिचे वजनकाटे. बाळांची वजनं करायची ती काट्यांवर, आणि ते काटे रोज वेगळं बोलायचे. मी माझी प्रमाणित वजनं घेऊन प्रत्येक काटा तपासून द्यायचो. तिथे एक कोवळी पोर होती, कडेवर मूल. अलकाने तिला विचारलं, काल काय काय खाल्लंस? पोरीने धडाधडा सांगितलं, चावल, दाल, आलू की सब्जी, मछली.

"ये तो तूने पकाया," अलका म्हणाली. "तूने खाया क्या?"

पोर हसली. "जो बचा, वो."

दुसरं कुणी असतं तर भाषण दिलं असतं. अलका तिथेच फरशीवर मांडी घालून बसली. "भूक लगी है मेरेको. तू भी बैठ, साथ में खाते हैं." डब्यातली पोळी-भाजी तिने अर्धी अर्धी केली. ती पोर लाजत लाजत जेवली, मूल मधेच हात घालत होतं. नंतर अलका मला म्हणाली, "बायकांना काय खाल्लं विचारलं की त्या काय रांधलं ते सांगतात. सगळ्या. मीसुद्धा."

त्या दिवशी घरी आलो, तर आईची वाटी तशीच. वर साय धरलेली. अलका ती वाटी घेऊन मोरीपाशी गेली आणि नळ सोडून रडायला लागली. "अख्ख्या दुनियेला जेवायला शिकवतेय रे मी," ती म्हणाली, "आणि माझ्या सासूच्या पोटात घास जात नाही." मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो.

मी काही उपयोगाचा नव्हतो म्हणावं तर तेही खरं नाही. मी परीक्षक होतो. रविवारी सकाळी अलका आमच्या जेवणाच्या टेबलावर चव बघण्याची बैठक भरवायची. मी, आणि सोसायटीतले आणखी दोघे-तिघे. मधे मधे पुठ्ठे उभे केलेले, म्हणजे एकाचा चेहरा दुसऱ्याला दिसू नये. प्रत्येकापुढे छोट्या वाट्या, त्यावर आकडे लिहिलेले, आणि एक पेला पाणी. एक वाटी चाखायची, गुण द्यायचे, चूळ भरायची, मग दुसरी. बोलायचं नाही, हुं नाही की चूं नाही, चेहराही हलवायचा नाही. गुण एक ते नऊ. एक म्हणजे थुंकून टाकावं, नऊ म्हणजे वाटी चाटूनपुसून.

मी सगळ्यांना सात द्यायचो.

आता कारखान्यात माझी ख्याती काय, तर खडूस. केसाएवढा फरक निघाला तरी मी अख्खा माल परत पाठवायचो. सुपरवायझर मला बघितलं की रस्ता बदलायचे. पण इथे माझ्यासमोर उभी अलका, पहाटेपासून राबलेली, कपाळावर घाम, आणि त्या घामाला चिकटलेलं नाचणीचं पीठ. मला तर आठ द्यावेसे वाटायचे. सात म्हणजे मी माझ्या परीने कडकपणाच करत होतो.

एका रविवारी तिने मधल्या एका वाटीत मीठच घातलं नव्हतं. मुद्दाम. अशी एखादी फसवी वाटी ठेवायची असते म्हणे, म्हणजे परीक्षकाची जीभ जागी आहे की झोपलीय ते कळतं. बाकीच्यांनी बरोबर दोन-तीन गुण दिले. मी सात.

सगळे गेल्यावर तिने कमरेवर हात ठेवले. "प्रकाश, ती वाटी अळणी होती."

"हो? थोडी सौम्य वाटली खरी."

"सौम्य! अरे, तू एवढा गेज लावून लोखंड तपासणारा माणूस. सात कसे दिलेस?"

"चांगली होती गं."

"सात म्हणजे नवरा," ती म्हणाली. "सात हे गुण नव्हेत, ही समजूत आहे. मला समजूत नकोय, मला जीभ हवीय." आणि त्याच रविवारी माझी परीक्षकपदावरून उचलबांगडी झाली. बढती मिळाली ती वाट्या उचलून नेण्याची.

ती बढतीच कामाला आली.

भोगीच्या आसपासचीच एक दुपार. अलका फोनवर संस्थेतल्या कुणाशी तरी वाद घालत होती. तबकात दोन वाट्या तयार होत्या. हाताने फोन झाकून म्हणाली, "डावीकडची ओवीची, उजवीकडची आईंची. ओवीच्यात मीठ नाही, नीट बघ हं." मी तबक उचललं, बाहेरच्या खोलीत आलो, आणि दरवाजातून आत शिरताना दोघींकडे तोंड करायला तबक गर्रकन फिरवलं. झालं! डावीकडची उजवीकडे. दोन्ही वाट्या एकाच संचातल्या, एकाच मापाच्या, पेज एकाच रंगाची. जन्मभर माल तपासणाऱ्या माणसाने काय तपासलं? काही नाही.

आईला मी पहिला चमचा दिला. तिने नेहमीसारखं तोंड उघडलं, मिटलं. मग थांबली. कितीतरी आठवड्यांनी तिने डोळे उघडून वाटीकडे बघितलं.

"ह्यां काय गो अलका?" आई ओरडली. असा खणखणीत आवाज मी पावसाळ्यापासून ऐकला नव्हता. "आळणी पेज? घरातला मीठ संपला काय?"

अलका फोन तसाच हातात धरून धावत आली. तिने माझ्याकडे पाहिलं, तबकाकडे पाहिलं, आणि मग ओवीकडे. मधल्या वेळात मी ओवीच्या तोंडात दुसरी वाटी सुरू केली होती, आणि रोज पेज थुंकणारी आमची नात आ करून पुढच्या चमच्याची वाट बघत बसली होती.

"प्रकाश! तिला मीठ दिलंस? एवढ्याशा पोरीला मीठ? तुला काही अक्कल..." आणि बोलता बोलता ती मधेच थांबली. कपाळाला लावलेला हात तसाच राहिला. मग ती हसायला लागली. आईच्या पलंगाशी खाली बसली, तिचा काटकीसारखा हात धरला आणि म्हणाली, "आई, परत सांगा ना. काय कमी आहे?"

"मीठ नाय," आई म्हणाली. "तोंडाक लावूक काय नाय. पोराचां खाणां माका घालतंस? माझे दात गेले, जीभ नाय गेली."

आई एकदा सुटली की थांबते कुठे! वरण कसं गोडंगिट्ट असतं, भात कसा चिखल करून वाढतात, लोणच्याची बरणी आपल्यापासून कशी लपवून ठेवली, आठवड्यांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. अलका एकेक तक्रार ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. दुसऱ्या दिवशी तिने नाचणीच्या पेजेत मीठ घातलं, लसणीची फोडणी दिली, आणि सुका बांगडा जाळीवर भाजून, काटे काढून, बोटांनी कुसकरून बरोबर दिला. त्या वासाने समोरच्या गुजराती शेजाऱ्यांनी पटापट खिडक्या लावून घेतल्या. आईने वाटी रिकामी केली आणि म्हणाली, "बांगडो जरा करपलो."

"बघ," अलका माझ्या कानात म्हणाली. "तक्रार आली की भूक आली. म्हातारं माणूस 'बरं आहे, बरं आहे' म्हणतंय तोवर काळजी करायची. आम्ही त्यांना मोठी बाळं समजतो रे, तिथेच चुकतं आमचं." पुढे तिच्या अभ्यासात हे सगळं आलं, शास्त्राच्या भाषेत, बांगड्याचं आणि आईचं नाव न घेता. आई त्यानंतर चांगली काही वर्षं होती, आणि प्रत्येक जेवणाला नावं ठेवत होती. पाटल्या परत मनगटावर आल्या.

ओवीला हा किस्सा पाठ आहे. "आजोबा, तुम्ही मला मीठ चारलंत म्हणून मी अशी तिखट झाले," म्हणते.

या थंडीत मी स्वयंपाक शिकलो. म्हणजे काय, वरणभाताला वरणभात म्हणता येईल इतपत. ऋता डबे पाठवते, पण समोर शिजताना वास आला तर भूक लागते असं अलकानेच जगाला सांगितलंय, म्हणून मी शिजवतो. नाचणी फडक्यात बांधून गजाला लटकवतो. तीळ भाजतो. अलका शाल घेऊन टेबलापाशी बसते आणि मला बघत राहते. पूर्वी ओट्यापाशी कुणी उभं राहिलं तर तिला खपायचं नाही. आता काही बोलत नाही.

पहिल्याच दिवशी मी वाटी पुढे ठेवली आणि म्हटलं, "हं, परीक्षक, गुण द्या."

तिने दोन चमचे खाल्ले. "छान झालंय रे. सात."

मी खूष झालो. दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवशी खिचडी, सात. शेपूची भाजी खाली लागली होती, तरी सात. मग एकदा, तिला वाढून झाल्यावर मी माझी वाटी घेऊन बसलो, पहिला घास घेतला, आणि तोंडात काहीच नाही. मी मीठ घालायलाच विसरलो होतो. समोर अलका तीच खिचडी हळूहळू गिळत होती. मी विचारलं, "किती?"

"सात," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली.

मी मीठ आणायला उठलो नाही. ती मला समजूत देत होती. जे मी तेव्हा तिला दिलं होतं, तेच ती मला परत करत होती, माझ्या कपाळावरचा घाम बघून. तेव्हा सात म्हणजे नवरा होता, आता सात म्हणजे बायको. आणि मला समजूत नको होती, मला तिची जीभ हवी होती. ती पूर्वी मला जे बोलली होती ते वाक्य मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजलं. मी ती अळणी खिचडी तिच्यासमोर शेवटच्या शितापर्यंत खाल्ली.

रविवारी तिचं वजन करतो, गोवंडीला लागलेल्या सवयीने काटा आधी तपासून. काटा हलत नव्हता. उतरतही नव्हता म्हणा, पण चढत नव्हता. एकदा असं मनात आलं, काट्याखालचा स्क्रू एवढासा फिरवावा, तिला बरं वाटेल. आयुष्यात कधी असला विचार शिवला नव्हता. मी स्क्रूला हात लावला नाही, पण विचार आला होता हे खरं.

मग मी तिचीच युक्ती तिच्यावर केली. रोज दोन वाट्या. एकीत मीठ बरोबर, एकीत अजिबात नाही. कधी अळणी आधी, कधी नंतर. ती दोन्हीतलं थोडं थोडं खायची आणि दोन्हींना सात द्यायची. मी रोज तिच्या तोंडाकडे बघत बसायचो, आणि रोज सात. ऋता म्हणाली, "बाबा, कशाला स्वतःला छळताय?" मी म्हटलं, बघू.

काल भोगी झाली.

सकाळपासून मी ओट्यापाशी. पावटा, सोललेले हरभरे, तुरीचे दाणे, गाजर, वांगं, वर तिळाचा आणि दाण्याचा कूट. बाजरीची भाकरी थापली, ती तव्यावर जाईपर्यंत तिचे तीन प्रांत झाले. त्यांना परत चिकटवलं, वर तीळ लावले, ते जरा जास्तच भाजले गेले. भाजी अलकासाठी जमेल तेवढी मऊ शिजवून चेचून घेतली आणि दोन वाट्यांत घातली. डावीकडे अळणी. या वेळी तबक न फिरवता सरळ नेलं.

खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. अलकाने शाल खांद्यावरून काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली. डावी वाटी ओढली, चमचा भरला, तोंडात घातला. आणि चमचा तसाच राहिला.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. वाटीकडे बघितलं. मग अगदी अर्धा चमचा आणखी घेतला, डोळे मिटले, आणि घास जिभेवर हळूच फिरवला, पूर्वी रविवारच्या बैठकीआधी स्वतः चाखून बघायची तशी. मी ओट्याला धरून उभा होतो.

"तीन," ती म्हणाली.

"काय?"

"ऐकू कमी यायला लागलं का? तीन. मीठ कुठाय यात?"

मी मिठाचा डबा घ्यायला वळलो, तर मागून आवाज, "थांब! आता घालू नकोस, नमुना बिघडेल." मी वळून बघितलं. तिचे डोळे बारीक झालेले. "प्रकाश, ही फसवी वाटी आहे. माझीच युक्ती मलाच? कधीपासून चाललंय हे?"

"असंच," मी म्हणालो. "बरेच दिवस."

"आणि मी सात देत होते?"

"हो."

तिने हात पुढे केला. "पाणी दे. दुसरी वाटी चाखायची तर चूळ नको भरायला?"

मी पेला दिला. तिने व्यवस्थित चूळ भरली, ओठ पुसले, उजवी वाटी पुढे ओढली. भाकरीचा तुकडा मी मोडून देणार होतो, तर तिने स्वतःच मोडला, भाजीत बुडवला आणि सावकाश चावला. मी हात बांधून उभा. लग्नाच्या वेळी तिच्या बाबांसमोर असाच उभा होतो.

"पाच," ती म्हणाली.

"पाचच?"

"तीळ करपवलेस. कडू लागतायत. पावटा कच्चा राहिलाय. आणि ही काय भाकरी आहे की नकाशा?" असं म्हणत तिने नकाशाचा आणखी एक प्रांत मोडून घेतला.

मी मोरीपाशी गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. कारखान्यात आणि घरात मिळून, मला इतके चांगले गुण आजवर कुणी दिले नव्हते.